कंपनीचा विमा नसताना दातांचा खर्च कसा पेलायचा: एका कोटेशनची दाढेदाढेने मांडणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात स्वतःचं पोळी-भाजी केंद्र आहे, नोकरी नाही, त्यामुळे कंपनीचा विमाही नाही. दवाखान्यातून तिघांचा मिळून ९८,००० रुपयांचा अंदाज हातात आला आहे. त्यात तुमच्या खालच्या डाव्या पहिल्या दाढेचं रूट कॅनल आणि झिर्कोनियाची (दातासारख्या पांढऱ्या, कठीण सिरॅमिकची) कॅप १८,०००, पाच वर्षांपूर्वी काढलेल्या खालच्या उजव्या दाढेच्या जागी इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) ४०,०००, चार दात भरणं ८,०००, दातांची स्वच्छता १,५००, आईंची दोन्ही जबड्यांची कवळी २५,००० आणि सात वर्षांच्या मुलाच्या दोन दुधाच्या दाढा ५,५००. एवढे पैसे एकदम नाहीत, तर काय करावं?

आधी विम्याचं. कंपनीचा विमा असता तर हे सगळं झालं असतं, असं मनात असेल तर ते काढून टाका. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य पॉलिसी, कंपनीच्या असोत वा स्वतःच्या, रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च देतात. दाताचं काम खुर्चीत बसून होतं आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो, म्हणून भरणं, रूट कॅनल, कॅप, कवळी हे सहसा वगळलेलं असतं. अपघातात जबडा किंवा दात मोडले आणि दाखल व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी. ‘ओपीडी’ किंवा ‘डेंटल’ असं लिहिलेलं जोडकलम विकत घ्यायचा विचार असेल तर तीन ओळी शोधून वाचा: दातांसाठी वर्षाची वेगळी मर्यादा किती, प्रतीक्षा काळ किती, आणि आधीपासून असलेली कीड चालते का. जास्तीचा हप्ता आणि दातांची मर्यादा यांत फारसं अंतर नसेल, तर आपलेच पैसे आधी भरून नंतर अटी घालून परत घेण्यासारखं ते होतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून रूट कॅनल किंवा कवळी मिळत नाही. पण जबड्याचं फ्रॅक्चर आणि तोंडाचा कर्करोग अशा दाखल होऊन करायच्या मोठ्या उपचारांना ती आणि आयुष्मान भारत उपयोगी पडतात, म्हणून कार्ड काढलं नसेल तर काढून ठेवा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. तुमच्यासाठी त्यातलं जवळचं म्हणजे औंधचं जिल्हा रुग्णालय. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या दंतविभागात तपासणी, दात काढणं, साधं भरणं, स्वच्छता ही कामं होतात. कॅप आणि कवळीला मात्र प्रयोगशाळा लागते, ती सोय सगळीकडे नसते. ससूनसारखी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाखाली येतात. तिथे शुल्क लागतं, पण ते अल्प असतं.

आता तुमचं कोटेशन. त्यातली कामं बहुधा खरीच आहेत, पण सगळी एका कागदावर, एकाच निकडीची असल्यासारखी लिहिली आहेत. कोणतं काम थांबलं तर महाग होतं आणि कोणतं थांबलं तरी तेवढंच राहतं, हे वेगळं केलं की निम्मा प्रश्न सुटतो.

कागदावर दातांचे आकडे असतील, ते वाचायला शिका. पहिला आकडा तोंडाचा भाग सांगतो: तुमच्या उजव्या हाताचा वरचा भाग १, डावा वरचा २, डावा खालचा ३, उजवा खालचा ४. दुसरा आकडा पुढच्या मधल्या दातापासून मागे मोजत जातो, १ ते ८. म्हणजे ३६ ही खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ आणि ४६ म्हणजे उजवीकडची तीच, जी तुम्ही काढली आहे. दुसऱ्या डॉक्टरांकडे मत घ्यायला जाताना हे आकडे आणि एक्स-रे सोबत असले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. एक्स-रे काढला की त्याचा फोटो मोबाइलवर मागून घ्या. तो तुमचाच आहे.

सगळ्यात आधी ३६. तुम्ही लिहिलंय की महिन्यापूर्वी दोन रात्री ठणका होता, आता आपोआप थांबला. आपोआप थांबलेला ठणका ही चांगली बातमी नाही. रात्री झोपू न देणारं दुखणं म्हणजे कीड दाताच्या नसेपर्यंत पोचली. दुखणं थांबलं याचा अर्थ बहुतेक वेळा नस मेली, आणि आता जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतायत. पुढचा ठणका सूज घेऊन येतो. तो आठवड्याने येईल की सहा महिन्यांनी, हे कुणालाच सांगता येत नाही. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकने सूज उतरते, पण मेलेल्या नसेत रक्त फिरत नाही, म्हणून औषध आत पोचतच नाही आणि दोन-तीन आठवड्यांत सगळं परत येतं. असे कोर्स घेत राहिलं की पैसे जातात आणि दाढ तशीच राहते.

या दाढेपुढे दोनच रस्ते आहेत, वाचवणं किंवा काढणं. काढणं स्वस्त, हजाराच्या आसपास. तरीही ३६ वाचवावी असंच मी सांगेन, कारण ४६ आधीच गेली आहे. दोन्हीकडची पहिली दाढ गेली तर चावायला भरवशाची जागा उरत नाही, शेजारची ३७ पुढे कलते, वरची २६ खाली उतरते, आणि पाच वर्षांनी तुम्ही दोन इम्प्लांटचे भाव विचारत बसता. एक्स-रेमध्ये दाढेच्या मुळांमधल्या दुबेळक्यापर्यंत कीड गेलेली असेल किंवा हिरडीच्या वर पुरेसा दातच उरला नसेल, तर मात्र काढणंच योग्य. तेवढं आधी विचारून घ्या, म्हणजे न टिकणाऱ्या दाढेवर खर्च होणार नाही.

१८,००० मध्ये काय काय आहे ते फोडून मागा. रूट कॅनल म्हणजे दाढ उघडून नळ्या साफ करणं, त्यांची लांबी एक्स-रेने किंवा यंत्राने मोजणं, हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावाने धुणं आणि गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने भरणं. त्यावर कोअर, म्हणजे पोखरलेल्या भागाची पक्की भरणी. त्यावर कॅप. दर गाव, भाग आणि डॉक्टरांच्या अनुभवाप्रमाणे बदलतात, पण पुण्यासारख्या शहरातल्या साध्या दवाखान्यात दाढेचं रूट कॅनल साधारण ४,००० ते ६,००० मध्ये होतं. फरक पडतो तो कॅपमध्ये. पूर्ण धातूची, निकेल-क्रोमची कॅप २,००० ते ३,००० च्या घरात येते, धातूवर सिरॅमिक चढवलेली साधारण ४,०००, आणि झिर्कोनिया ८,००० च्या पुढे. ३६ मागे आहे. मोठ्याने हसल्यावर दिसली तर दिसेल. धातूची कॅप मजबूत असते, तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो आणि ती वर्षानुवर्षं टिकते. खोट्या दागिन्यांनी कानाला किंवा गळ्याला खाज येत असेल तर निकेलची ॲलर्जी असू शकते. तेवढं डॉक्टरांना सांगा. म्हणजे हीच दाढ ८,००० ते ९,००० मध्ये नीट पुरी होऊ शकते. ‘वॉरंटी कार्ड’ बहुधा कॅपच्या साहित्यापुरतं असतं. आतलं रूट कॅनल बिघडलं किंवा कडेला नवी कीड लागली, तर ते कामाला येत नाही.

नेमकी चूक होते ती इथे. रूट कॅनल होतं, दुखणं थांबतं, पैसे संपलेले असतात आणि कॅप राहून जाते. रूट कॅनल झालेली दाढ आतून पोकळ केलेली असते. ती चावताना उभी चिरते, चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढावीच लागते, आणि आधी केलेला सगळा खर्च वाया जातो. कॅपचे पैसे लगेच नसतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा: वरचे उंचवटे थोडे घासून कमी करा आणि तात्पुरतं सिमेंट नको, आत पक्की भरणी करून द्या. कापसावर बसवलेलं तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांत झिरपू लागतं आणि स्वच्छ केलेल्या नळ्या पुन्हा दूषित होतात. पक्की भरणी असेल तर दोन-तीन महिने काढता येतात. त्या काळात त्या बाजूने सुपारी, चिक्की, फुटाणे, ऊस चावायचा नाही.

आता ते चार दात भरणं. कोटेशनमध्ये ते इम्प्लांटच्या खाली लिहिलंय, पण पैशाच्या हिशोबात ते ३६ च्या बरोबरीने पहिल्या रांगेत यायला हवं. आज प्रत्येकी दीड-दोन हजारांची कीड नसेपर्यंत गेली की तिचे आठ-नऊ हजार होतात. तेही परवडत नसेल तर कॉम्पोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या पक्क्या भरणीचा, आग्रह धरू नका. ग्लास आयनोमर नावाचं पांढरं सिमेंट असतं. कीड हाताच्या अवजाराने खरवडून त्यात हे भरता येतं. ते दाताला चिकटतं आणि थोडं फ्लोराइड सोडतं. कॉम्पोझिटइतकं दिसायला चांगलं नाही, मोठ्या खड्ड्यात झिजतं, पण एक-दोन वर्षं कीड थांबवून ठेवतं. दुसरा उपाय सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा. ३८ टक्क्यांचा हा द्राव किडीवर लावला की कीड कडक होऊन बहुधा थांबते. सहा महिन्यांनी पुन्हा लावायचा. जागा कायमची काळी पडते, म्हणून पुढच्या दातांना नको; मागच्या दाढांना आणि लहान मुलांच्या दुधाच्या दातांना उत्तम. दाताला ठणका नसेल तरच हे करायचं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ग्लास आयनोमर आणि हा द्राव, दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. स्वतःहून सुचवणारे दवाखाने कमी आहेत, म्हणून नाव घेऊन विचारा.

४६ ची मोकळी जागा थांबू शकते. दाढ काढल्यावर हाड बसतं, पण त्यातलं बरंचसं पहिल्या वर्षभरात बसून गेलेलं असतं. पाच वर्षं काढलीत तर आणखी एक वर्ष थांबल्याने चित्र फारसं बदलणार नाही. शेजारची ४७ किती कलली आहे आणि वरची १६ किती खाली आली आहे, एवढं मोजून लिहून घ्या आणि वर्षाने पुन्हा बघा. हललं नसेल आणि खाताना अडचण नसेल, तर इम्प्लांट कधीच केलं नाही तरी चालतं. प्रत्येक गेलेला दात भरून काढलाच पाहिजे असं नाही. खालचे-वरचे मिळून वीसेक दात एकमेकांवर नीट बसत असतील तर जेवण चांगलं चावता येतं. आत्ता हे ४०,००० बाजूला ठेवले की कोटेशन ५८,००० वर येतं.

त्यातला बराचसा भाग दंत महाविद्यालयात आणखी उतरतो. महाराष्ट्रात सरकारी दंत महाविद्यालयं मुंबईत सीएसएमटीजवळ, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे, आणि गोव्यात बांबोळीचं सरकारी महाविद्यालय. पुण्यात खाजगी महाविद्यालयं आहेत: धनकवडीला भारती विद्यापीठाचं, पिंपरीला डी. वाय. पाटील, वडगावला सिंहगड, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला. नाशिक, सांगली, कराड, लोणी, अमरावती, लातूर, वर्ध्याजवळ सावंगी आणि नवी मुंबई इथेही आहेत. खाजगी महाविद्यालयांनाही विद्यार्थी शिकवायला रुग्ण लागतात, म्हणून तिथले दर दवाखान्याच्या बहुधा निम्म्याहून कमी असतात.

तिथे काम कसं चालतं ते माहीत असलं तर फेऱ्या वाया जात नाहीत. सकाळी खिडकी उघडण्याआधी पोचा आणि केस पेपर काढा. तो कागद जपून ठेवा, पुढची प्रत्येक फेरी त्यावर चालते. पहिल्यांदा तोंड तपासणीच्या विभागात पाठवतात, तिथे एक्स-रे निघतो आणि कोणतं काम कोणत्या विभागात ते लिहून देतात. रूट कॅनल एका विभागात, हिरड्या दुसऱ्या, कवळी तिसऱ्या, मुलांचं चौथ्या. प्रत्येक विभागात तुम्हाला एक विद्यार्थी मिळतो. तो एक टप्पा करतो, शिक्षक येऊन बघतात, मग पुढचा टप्पा. म्हणून दवाखान्यात ४५ मिनिटांत होणारं काम तिथे दोन-अडीच तास चालतं आणि रूट कॅनलला तीन ते पाच फेऱ्या लागतात. कामाचा दर्जा वाईट नसतो. प्रत्येक पायरी तपासली जाते. तुमची किंमत तिथे वेळेत मोजली जाते. सकाळी पोळ्यांच्या ऑर्डर असतील तर हे अवघड जाईल, म्हणून कोणतं काम तिथे न्यायचं ते निवडा.

माझं मत असं: स्वच्छता, चार दात भरणं आणि आईंची कवळी महाविद्यालयात. ३६ घाईची आणि दाढेच्या नळ्या वाकड्या, म्हणून ती एकतर जवळच्या साध्या दवाखान्यात, नाहीतर महाविद्यालयात ‘पीजी’कडे, म्हणजे एमडीएस करत असलेल्या डॉक्टरांकडे. पदवीच्या विद्यार्थ्याकडे पुढचे एका मुळाचे दात ठीक. मोठ्या दाढेसाठी पीजी मागा, त्यात संकोच करू नका.

तिथे बिघडतं ते बहुधा मध्येच. तुमचा विद्यार्थी दुसऱ्या विभागात बदलून जातो, परीक्षा किंवा सुट्टी लागते, आणि उघडलेली दाढ तशीच राहते. पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारा: तुमची या विभागातली मुदत कधी संपते, तुमच्या वरचे शिक्षक कोण, आणि तुम्ही नसाल तर मी कुणाकडे यायचं. शिक्षकांचं नाव केस पेपरवर लिहून घ्या. आणि कॅपचा, कवळीचा लॅबचा खर्च उपचाराच्या दरात धरलाय की वेगळा, हेही. धर्मादाय रुग्णालयं आणि सरकारी रुग्णालयं दोन्हीकडे समाजसेवा अधीक्षक बसतात. रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन त्यांना भेटलं तर लॅबचा खर्चही कधी कधी कमी होतो.

आईंच्या कवळीसाठी महाविद्यालय सगळ्यात चांगलं, कारण पूर्ण कवळी हा अभ्यासक्रमातला महत्त्वाचा भाग आहे आणि एकही दात नसलेले रुग्ण विद्यार्थ्यांना हवेच असतात. आईंचे उरलेले दात नुकतेच काढले असतील तर हाड आणि हिरडी बसायला दोन ते तीन महिने जाऊ द्या. घाईत केलेली कवळी तेवढ्यातच ढिली होते आणि आतून अस्तर भरण्याचा वेगळा खर्च येतो. नीट केलेल्या कवळीला पाच फेऱ्या लागतात: पहिलं माप; मग त्या मापावर खास ट्रे करून दुसरं, बारीक माप; मग मेणाच्या पट्ट्या घालून दोन जबड्यांमधलं अंतर आणि चावा; मग मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघणं; शेवटी तयार कवळी. कुणी दोन फेऱ्यांत कवळी देतो म्हणालं तर दुसरं माप आणि चाव्याचं माप यांतलं काहीतरी गाळलं जातंय असं समजा.

चौथ्या फेरीला तुम्ही आईंबरोबर जाच. दात मेणात असतात तोवर रंग, आकार, ओठ किती भरलेला दिसतो, हे सगळं फुकट बदलता येतं. आईंना ‘साठ, सत्तर, सासू’ म्हणायला लावा. ‘स’ शिट्टीसारखा येत असेल किंवा बोलताना दात एकमेकांवर आपटत असतील तर तिथेच सांगा. कवळी एकदा पक्की झाली की मग नवीच करावी लागते. पहिल्या दोन आठवड्यांत हिरडीला टोचून फोड येणं नेहमीचं आहे, त्यासाठीच्या घासण्याच्या फेऱ्या दरात धरलेल्या असतात. घरी कानस लावू नका. टोचतंय म्हणून कवळी आठ दिवस काढून ठेवली आणि मग दाखवायला गेलात तर खूण दिसत नाही. जाण्याआधी एक दिवस घालून ठेवा. रात्री काढून पाण्यात ठेवायची. साबण आणि मऊ ब्रशने धुवायची, टूथपेस्टने बारीक चरे पडतात. आई मिश्री लावत असतील तर कवळीबरोबर ती सोडवण्याचा प्रयत्न करा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने हिरड्या जातात आणि गालाच्या आतला पांढरा चट्टा कर्करोगाकडे जाऊ शकतो. तोंडातला कोणताही चट्टा किंवा फोड तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर दाखवायचाच. सरकारी रुग्णालयात ही तपासणी निःशुल्क होते.

एक छोटी गोष्ट. आईंचं वय साठच्या पुढे असेल, त्यांचा आरोग्य विमा नसेल आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत विवरणपत्र भरत असाल, तर त्यांच्या वैद्यकीय खर्चावर वर्षाला ५०,००० पर्यंत वजावट मिळू शकते. रोखीने दिलेला खर्च त्यात धरत नाहीत. यूपीआयने द्या, पावती घ्या, आणि विवरणपत्र भरणाऱ्याला दाखवा.

मुलाचं काम थांबवू नका, फक्त स्वस्त करा. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. ‘पडणारच आहेत’ म्हणून सोडल्या तर सूज येते आणि लवकर काढल्या तर त्यांच्या जागी येणाऱ्या कायमच्या दाढांची जागा बुजते. ठणका नसेल तर सिल्व्हरचा द्राव, किंवा दात न कोरता वरून बसवायची स्टीलची तयार कॅप, हे दोन्ही पर्याय विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक-एक नवी दाढ येते. ती दुधाची नाही, आयुष्यभराची आहे, आणि तिच्यातल्या खालच्या दोन म्हणजेच ३६ आणि ४६. तिच्या खाचांमध्ये सीलंट, म्हणजे कीड अडवणारा पातळ थर, भरून घ्या. हे काम दहा मिनिटांचं आणि स्वस्त. मुलगा सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची वर्षाला एक तपासणी होते, त्यात दातही बघतात. पथकाची चिठ्ठी हातात असली तर पुढे जिल्हा रुग्णालयात काम सोपं होतं.

पैसे देण्याबद्दल. सगळ्या उपचारांचे पैसे आगाऊ भरू नका. टप्पा झाला की त्या टप्प्याचे द्या. बहुतेक डॉक्टर याला तयार असतात, फक्त आधी बोलावं लागतं. ‘सध्या माझ्याकडे महिन्याला चार हजार आहेत, त्यात आधी काय करू’ असं थेट विचारा. या प्रश्नाचं नीट उत्तर देणारा डॉक्टर धरून ठेवा. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे दवाखान्याने दिलेली सवलत नाही, वित्तकंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज आहे. कंपनी दवाखान्याला पैसे एकरकमी देते. उपचार मध्येच थांबला, दवाखाना बंद झाला किंवा तुमचं पटलं नाही, तरी हप्ते चालूच राहतात आणि चुकले तर सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, दिसतात. धंद्यासाठी उद्या कर्ज लागणार असेल तर ते महागात पडतं. घ्यायचंच असेल तर पूर्ण कोटेशनवर घेऊ नका, सुरू असलेल्या कामापुरतं घ्या.

‘पाचशेत फिक्स दात’ बसवणाऱ्यांकडे कुणी पाठवलं तर जाऊ नका. ते तोंडातच कच्चं ॲक्रिलिक (एक प्रकारचं प्लास्टिक) ओतून, कधी तारेने बांधून, शेजारच्या चांगल्या दातांना चिकटवतात. खाली ब्रश जात नाही, हिरडी सडते, आणि एका दातासाठी दोन चांगले दात काढावे लागतात. दवाखान्याच्या भिंतीवर बीडीएस किंवा एमडीएस पदवी आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. नसेल तर विचारा.

आता हा क्रम लावून बघा. पहिल्या महिन्यात ३६ उघडून साफ करणं आणि तिघांचे केस पेपर. दुसऱ्या महिन्यात ३६ भरून पक्की, महाविद्यालयात चार दात आणि स्वच्छता, मुलाचा द्राव आणि सीलंट. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ३६ ची धातूची कॅप. चौथ्या ते सहाव्या महिन्यात आईंची कवळी. माझ्या अंदाजाने हे सगळं मिळून २० ते २५ हजारांत बसतं, सहा महिन्यांत विभागून. पुढे महिन्याला ४०० रुपयांचं आवर्ती ठेव खातं उघडा आणि ते फक्त दातांसाठी ठेवा. वर्षाचे ४,८०० होतात. त्यात तिघांची वार्षिक तपासणी, स्वच्छता आणि एखादं भरणं निघतं. स्वच्छतेने दात ढिले होतात असं कुणी म्हणेल. दातावरचा दगडासारखा खर निघाला की आधीच ढिला झालेला दात फक्त उघडा पडतो.

घरी खर्च वाचवणारी सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे फ्लोराइडची टूथपेस्ट. डब्यावर फ्लोराइड १,००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) आसपास असं लिहिलेलं बघा. कित्येक हर्बल पेस्टांमध्ये ते नसतं. मुलाला वाटाण्याएवढी पुरे. रात्री झोपण्यापूर्वी घासून थुंका आणि लगेच खळखळून चूळ भरू नका, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. केंद्रावर दिवसभर साखरेचा चहा थोडा थोडा घेतला जात असेल तर तो दोन वेळांवर आणा. दाताला एकूण साखरेपेक्षा ती किती वेळा येते याचा जास्त त्रास होतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि मुलांच्या दातांवर तपकिरी डाग येतात. तुमचे कुणी नातेवाईक तिथे असतील तर मुलांच्या पेस्टबद्दल त्यांनी तिथल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं.

३६ चं काम सुरू होईपर्यंत दुखलं तर जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मिलीग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलीग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, दोन-तीन दिवस. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा, गरोदरपण, रक्त पातळ करणारी गोळी किंवा डेंगीची शंका असेल तर आयबुप्रोफेन नको. हिरडीवर ॲस्पिरिन कुटून लावू नका, भाजतं. सूज गालावरून डोळ्याकडे किंवा हनुवटीखाली गळ्याकडे सरकली, तोंड दोन बोटांएवढंही उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, थंडी वाजून ताप आला, तर दवाखाना उघडायची वाट बघू नका. त्याच रात्री ससूनच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.